१६५ ग्रेन म्हणजे अकरा मासे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी गेलेल्या मुलांच्या छंदांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला, त्यात हरणाच्या शिकारीच्या रायफलीसाठी ‘१६५ ग्रॅमची गोळी उत्तम’ असे छापले आहे. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे लेखातली गोळी चेंडूपेक्षाही भारी झाली. काडतुसांच्या खोक्यावर ‘१६५ जीआर’ असे लिहिलेले असते, त्यातला ‘जीआर’ म्हणजे ग्रेन. नुसती छपाईची चूक असती तर हसून सोडून दिली असती. पण त्याच लेखात पुढे ‘गोळी जितकी जड तितके हरीण हमखास पडते’ असेही वाक्य आहे, आणि त्याने होणारे नुकसान मोठे. टेक्सास, मिशिगन, मेलबर्न, ऑकलंडला नोकरीस असलेली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरे तिथल्या मित्रांबरोबर रीतसर परवाना काढून शिकारीला जातात आणि गावाकडचा पेपर मोबाइलवर वाचतात. हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी.

इथल्या वाचकांचा गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच. भीमगडच्या रानातले सांबर, चितळ, भेकर असो की राणेबेन्नूरकडचे काळवीट, यातल्या कशावरही गोळी झाडणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ खाली गुन्हा आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते आणि सातपर्यंत जाते. पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना होत नाही, मग उसाचा फड कितीही तुडवला गेलेला असो. तेव्हा पुढचे सगळे, जिथे सरकार मोसम ठरवून, परवाना देऊन हरणांची शिकार करू देते, त्या देशांपुरते.

ग्रेन हे माप परके वाटते, पण आपल्या सराफांच्या काट्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या बसलेले होते. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला. तोळ्याचे मासे बारा, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. आता ३० बोअरच्या (म्हणजे सुमारे ०.३० इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलींना हरणासाठी सर्रास मिळणाऱ्या गोळ्यांची वजने बघा: १५०, १६५, १८०. दहा मासे, अकरा मासे, एक तोळा. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला याहून सोपे काही नाही. (हा जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. हल्ली दुकानात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो धरला तर हिशेब चुकेल.) ग्रॅमच हवे असतील तर ग्रेनला ०.०६४८ ने गुणावे. १६५ ग्रेनचे १०.७ ग्रॅम होतात. खोक्यावरचे वजन फक्त गोळीचे असते, म्हणजे नळीतून उडून जाणाऱ्या भागाचे. पितळी कवच, टोपी (जिच्यावर ठोका बसून दारू पेटते ती) आणि दारू त्यात धरलेली नसते. दारूही ग्रेनमध्येच मोजतात, .३०८ च्या काडतुसात ती साधारण ४५ ग्रेनच्या आसपास असते, आणि नवख्याचा घोळ होतो तो इथे.

‘जड तेवढी बरी’ ही समजूत आपल्याकडे आली कुठून? एक तर .३१५ बोअरच्या रायफलीवरून. परवानाधारकांकडे वर्षानुवर्षे हीच रायफल आहे आणि तिची गोळी २४४ ग्रेनची, सव्वा तोळ्याहून जड. तिचा वेग बेताचा, म्हणून तिला आधार वजनाचाच. दुसरे कारण फौजी. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात असल्यामुळे गावोगाव निवृत्त जवान आहेत, आणि त्यांच्या हाताला सवय .३०३ च्या १७४ ग्रेनच्या किंवा ७.६२ मिलिमीटरच्या १४७ ग्रेनच्या आसपासच्या गोळीची. या गोळ्या कवचबंद असतात, म्हणजे शिशावर दुसऱ्या धातूचे आवरण चढवलेले, शिशाचे टोक कुठेच उघडे नसते. शरीरात शिरून फुलणारी गोळी युद्धात वापरायची नाही, असा ठराव हेग परिषदेत १८९९ साली झाला. त्याचे निमित्त झाली होती आपल्याच कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली गोळी. हरणाच्या शिकारीत नियम बरोबर उलटा आहे. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणावर फुलणारीच गोळी वापरावी लागते. कवचबंद गोळी सुईसारखी आरपार जाते, रक्त फारसे सांडत नाही, हरीण झाडीत दूर जाऊन तडफडत मरते आणि सापडतही नाही. तेव्हा निवृत्त काकांकडून श्वास रोखून घोडा दाबायला जरूर शिकावे, गोळीची निवड मात्र त्यांना विचारू नये.

वजन एकट्याने काही ठरवत नाही, ते वेगाच्या जोडीने बघायचे असते. गोळीने दोन कामे करायची असतात: कातडी-फासळ्या फोडून आत शिरल्यावर फुलायचे, आणि फुललेल्या अवस्थेत फुप्फुसापलीकडे पोचायचे. पातळ कवचाची हलकी गोळी फार वेगात आली तर फऱ्याच्या हाडावरच तिचा चुरा होतो. बाहेरून तळहाताएवढी भयंकर जखम दिसते, आत फुप्फुस शाबूत. उलट जाड कवचाची जड गोळी संथ आली तर ती फुलतच नाही. साध्या शिसे-तांब्याच्या मऊ टोकाच्या गोळीला नीट फुलायला सेकंदाला सुमारे १८०० फुटांचा वेग लागतो. म्हणजे प्रश्न असा विचारायचा: ज्या अंतरावर हरीण असेल, त्या अंतरावर या गोळीचा वेग किती उरलेला असेल, आणि तेवढ्यासाठी ती घडवलेली आहे का?

.३०-३० आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या दोन्ही रायफलींच्या गोळीचा व्यास तोच, ०.३०८ इंच. पहिली १८९५ सालची, १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २३९० फुटांनी सोडणारी. तिच्या गोळ्या मुद्दाम मऊ बनवतात, त्यामुळे दीडशे यार्डांच्या आत १५० किंवा १७० ग्रेन, काहीही घ्या, हरणाला पुरते. दुसरी तेच १५० ग्रेन ३२०० फुटांच्या पुढे नेते. त्या वेगात साधी मऊ गोळी पन्नास यार्डांवरच्या हरणात बॉम्बसारखी फुटते आणि एका बाजूचा फरा फेकून द्यावा लागतो. मॅग्नमवाल्याने १८० घ्यावी, ती त्याच्या वेगाला लगाम म्हणून. हरणाचा आकार तोच, व्यास तोच, तरी शिफारस वेगळी. (.३०-३० च्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, पुढच्याच्या टोपीला मागच्याचे टोक टेकते. म्हणून त्यात टोकदार कडक गोळी घालायची नाही. धक्क्याने आतल्या आत बार उडू शकतो. चपट्या तोंडाची किंवा रबरासारख्या मऊ टोकाची गोळीच घालावी.)

अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, म्हणजे पन्नास ते सव्वाशे किलोच्या जनावरासाठी, बोअरनुसार सांगायचे तर .२४३ विंचेस्टरला ९० ते १०० ग्रेन. याच बोअरमध्ये ५५ ते ७५ ग्रेनच्या गोळ्याही स्वस्तात मिळतात, पण त्या कोल्ह्या-सशांसाठी पातळ कवचाच्या बनवलेल्या असतात. खोके उचलताना नवखा फसतो तो इथेच, कारण चित्र सारखेच असते. ६.५ (मिलिमीटर) क्रीडमूरला १२० ते १४३, त्यातही १२९ किंवा १४० सोयीची. .२७० विंचेस्टर १९२५ पासून १३० ग्रेनवर उभी आहे आणि हरणासाठी ते बदलायचे कारण नाही. सेव्हन एमएम-ओ-एटला १४०. .३०८ आणि .३०-०६ ला १५० किंवा १६५. १८० ग्रेनचा तोळा एल्कसारख्या तीनशे किलोच्या जनावरासाठी राखून ठेवावा. .२२३ बऱ्याच राज्यांत हरणाला चालतच नाही, आणि चालते तिथेही नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

एका बोअरच्या वजनाची दुसऱ्या बोअरच्या वजनाशी तुलना करायची नाही. ६.५ ची १४० ग्रेनची गोळी ३० बोअरच्या १६५ पेक्षा पावणेदोन माशांनी हलकी, तरी आत जास्त खोल जाते, कारण ती बारीक आणि लांब आहे. हे मोजायचे माप म्हणजे गोळीचे पौंडातले वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. १४० ग्रेनच्या ६.५ साठी ते ०.२८७ येते, १६५ ग्रेनच्या ३० साठी ०.२४८. दाभण आणि खिळा, दोन्ही सारख्या जोराने ठोका, म्हणजे लक्षात येईल.

आता ज्यावर मित्रमंडळी तासन्‌तास भांडतात तो प्रश्न: .३०-०६ मध्ये १५० की १८०? कंपनीच्या आकड्यांनुसार १५० ग्रेनची गोळी २९१० फुटांनी निघते, १८० ची २७०० फुटांनी. नळीच्या तोंडाशी पहिलीची ऊर्जा २८२० फूट-पौंड, दुसरीची २९१०. फरक शेकडा तीनचा. दोनशे यार्डांवर शून्य केलेल्या, म्हणजे तेवढ्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी दुर्बीण लावलेल्या रायफलीत तीनशे यार्डांवर दोन्हींच्या घसरणीत एक-दीड इंचाचा फरक पडतो; हरणाचे मर्मस्थान आठ-दहा इंचांचे असते. आणि हलक्या गोळीची वेगातली आघाडी टिकतही नाही. .३०८ मध्ये १५० ग्रेनची सुरुवात २८२० ने आणि १८० ची २६२० ने होते, पण तीनशे यार्डांवर दोघी दोन हजार फुटांच्या आसपास बरोबरीला येतात, कारण जड लांब गोळी हवेला कमी जुमानते. हे आकडे २४ इंची नळीचे. रायफलीची नळी २० इंची असेल तर शंभरेक फूट वजा धरावेत. थोडक्यात, हरणासाठी या दोन वजनांत हरणाला कळेल असा फरक फार थोडा आहे. फरक कळतो तो खांद्याला.

आठ पौंडांच्या .३०-०६ मध्ये १५० ग्रेनचा धक्का ढोबळमानाने १७ फूट-पौंड, १८० चा १९-२०. ऐकायला किरकोळ वाटतो. पण वीस बार झाल्यावर घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटू लागतात, नळी खाली झुकते आणि गोळी पोटात जाते. पोटात लागलेली तोळ्याची गोळी फुप्फुसात लागलेल्या सहा माशांच्या गोळीपुढे काहीच नाही. बारीक चणीच्या माणसाने, नव्याने शिकणाऱ्या मुलीने-मुलाने .२४३ ला १०० ग्रेन किंवा ६.५ ला १२०-१२९ घेऊन नेम पक्का करावा.

दुकानदार सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे नळीचा पीळ. नळीच्या आतले आटे गोळीला फिरवतात; गोळी किती इंचांत एक पूर्ण फेरा घेते त्यावरून पीळ १० चा, १२ चा, ८ चा असे म्हणतात. लांब गोळीला स्थिर राहायला घट्ट पीळ लागतो, आणि एकाच व्यासात वजन वाढले की लांबी वाढणारच. ब्रिटिश गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ साली दिलेले सूत्र आजही अंदाजाला पुरते: १५० ला व्यासाच्या वर्गाने गुणा आणि लांबीने भागा, सगळे इंचात. ०.३०८ व्यासाची, १.२ इंच लांबीची गोळी असेल तर उत्तर ११.९ येते, म्हणजे १२ च्या पिळात ती जेमतेम काठावर आहे. तीच १.३५ इंच लांब असेल तर १०.५, तिला १० चा पीळच हवा.

पीळ नळीवर कोरलेला नसेल तर घरी मोजता येतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून ठेवा. सफाईच्या दांड्याला, ज्याची मूठ मोकळी राहून दांडा फिरतो अशा, घट्ट बसणारी चिंधी लावून ती नळीत थोडी आत ढकला. दांड्यावर नळीच्या तोंडाशी एक आणि वरच्या बाजूला एक अशा दोन खुणा करा. सावकाश ढकलत जा. वरची खूण पूर्ण फिरून पुन्हा वर आली की थांबा आणि दांडा किती इंच आत गेला ते मोजा. तीनदा करा, कारण चिंधी घसरली तर आकडा जास्त येतो.

पीळ चुकला की काय होते याचा धडा रेमिंग्टन कंपनीने १९५५ साली घेतला. त्या एकाच वर्षी विंचेस्टरची .२४३ आणि रेमिंग्टनची .२४४ बाजारात आली. काडतूस म्हणून दुसरी कणभर सरसच होती. पण रेमिंग्टनने पीळ १२ चा ठेवला, छोट्या प्राण्यांवरच्या हलक्या गोळ्या डोळ्यांसमोर ठेवून. विंचेस्टरने १० चा. लोकांना एकच रायफल हवी होती, जी शंभर ग्रेनची गोळी टाकून हरणालाही चालेल. १२ च्या पिळात शंभर ग्रेनच्या टोकदार गोळीचा भरवसा नव्हता. .२४३ घरोघर गेली, .२४४ पडून राहिली. १९६३ मध्ये कंपनीने ९ च्या पिळाची नळी देऊन तिचे नावच बदलले, तोवर गिऱ्हाईक गेले होते. अस्थिर गोळी ओळखायची खूण निशाणाच्या कागदावर दिसते: गोल भोकाऐवजी लांबट, आडवे फाटलेले भोक. तसे एक जरी दिसले तरी ते वजन त्या नळीत पुन्हा घालू नये.

तांब्याच्या गोळ्यांमुळे वजनाचा हा हिशेब अलीकडे पुन्हा मांडावा लागतो आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे, कारण जनावराच्या उरलेल्या अवशेषांतले शिसे गिधाडांच्या पोटात जाते. (गिधाडे कशी संपतात हे आपल्याला गुरांच्या डायक्लोफिनॅक या औषधाने शिकवलेच आहे.) शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जास्त पीळ मागते. शिवाय ती आत गेल्यावर तुकडे न सोडता पाकळ्यांसारखी उमलते, वजन जवळजवळ सगळे राखते, त्यामुळे कमी वजनातही आरपार जाते. सोपा नियम असा: तांबे घेताना एक पायरी खाली या. शिशाची १६५ वापरत असाल तर तांब्याची १५०. शिशाची १५० असेल तर तांब्याची १३०. मात्र तांबे कडक असते, त्याला फुलायला वेग जास्त लागतो. लांबच्या, संथ बारात ते न उमलता निघून जाऊ शकते. हलकी घ्यायचे दुसरे कारण हेच, वेग टिकतो. स्कॉटलंडने तर कायदाच बदलला. तिथे मोठ्या हरणांसाठी १९८५ च्या आदेशात किमान १०० ग्रेनची अट होती. तांब्याच्या गोळ्यांना वाट देण्यासाठी २०२३ मध्ये ती ८० वर आणली.

कायद्यातले आकडे मोसमाआधी प्रत्येकाने आपापल्या राज्याच्या वन खात्याकडून तपासावेत, कारण ते बदलतात. तरी अंदाज यावा म्हणून: कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ बोअर, किमान ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड. जर्मनीत वजनाची अटच नाही. लहान रो हरणासाठी शंभर मीटरवर १००० ज्यूल, त्याहून मोठ्यांसाठी ६.५ मिलिमीटर बोअर आणि २००० ज्यूल. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात सांबराला किमान .२७० बोअर आणि १३० ग्रेन, चितळाला .२४३ आणि ८० ग्रेन. हो, सांबर आणि चितळ, आपलेच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी इथून नेऊन तिथे सोडलेले. टेक्सासमध्ये १९३२ साली नेलेले चितळ आता इतके माजले आहेत की त्यांना बंद मोसमच नाही. खानापूरच्या रानात ज्याला दगड मारणेही गुन्हा, त्याच जनावरासाठी तिकडे गोळीचे वजन नियमात लिहिलेले असते. सांबर दोनशे किलोच्या पुढे जाते, कातडी जाड, हाड भक्कम; तिथे १३० हा कायद्याचा तळ समजून ३० बोअरची १८० ग्रेनची मजबूत गोळी घेणे शहाणपणाचे. लेखातले ‘जड बरी’ हे वाक्य लागू पडते ते इतपतच.

निवड शेवटी मैदानावर होते. आपल्या बोअरला बसणाऱ्या दोन किंवा तीन वजनांची, शक्यतो दोन कंपन्यांची, वीस-वीस काडतुसांची खोकी घ्या. नळीवर कोरलेले नाव, खोक्यावरचे नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे नाव तिन्ही जुळवा; .३०८, .३०-०६ आणि .३०० यांच्या गोळीचा व्यास एक असला तरी काडतुसे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नळी साफ करून दोन बार वाया घालवा, तेल जळून जाऊ द्या. मग वाळूच्या पिशवीवर टेकवून शंभर यार्डांवर प्रत्येक वजनाचे तीन-तीन बार, मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबून. शिकारी रायफलीची नळी बारीक असते. तापली की गोळ्या वर-बाजूला सरकत जातात आणि दोष उगाच गोळीला लागतो. तीन भोके दीड-दोन इंचांत आली तर दोनशे यार्डांपर्यंत हरणाला पुरे. ज्या वजनाची भोके सर्वांत जवळ, ते तुमच्या रायफलीचे वजन, मग मित्राची रायफल काहीही खात असो. त्यानंतर त्याच वजनाची गोळी शंभर यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी दुर्बीण लावून दोनशेवर खात्री करा. आणि एकदा शून्य केल्यावर वजन बदलायचे नाही. १५० वर शून्य केलेल्या रायफलीत दुकानात तीच मिळाली नाही म्हणून १८० घातली, तर गोळी नुसती खाली जात नाही, नळीची थरथर बदलल्यामुळे बाजूलाही जाते, कधी चार बोटांनी. पहाटेच्या धुक्यात मग नेम कुणाचा चुकला यावर वाद.

घरी काडतुसे भरणाऱ्यांसाठी एकच वाक्य: १५० ग्रेनच्या गोळीसाठी लिहिलेले दारूचे माप १८० च्या मागे घालू नका. जड गोळी हलायला उशीर करते, पितळी कवचात जास्त जागाही खाते, आणि नळीतला दाब भलत्याच उंचीला जातो.

परत येताना आणखी एक काळजी. शिकारीच्या जॅकेटच्या आतल्या खिशात, कॅमेऱ्याच्या बॅगेच्या तळाशी एखादे काडतूस राहून जाते. तिकडच्या विमानतळावर ते कदाचित निसटेल, पण बेळगावच्या सांबरा विमानतळावर किंवा मुंबईला तपासणीत सापडले तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली प्रकरण होते आणि ‘चुकून राहिले’ हे सिद्ध करण्यात महिने जातात. दाखवायला म्हणून आणलेले रिकामे पितळी कवचही चौकशीत अडकवू शकते. बॅग पूर्ण उलटी करून झटकावी, जॅकेट तिकडेच ठेवून यावे.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. ‘१६५ ग्रॅम’ च्या जागी ‘१६५ ग्रेन (१०.७ ग्रॅम)’ एवढे पुरे. ‘जितकी जड तितकी’ हे वाक्य मात्र काढूनच टाकावे.

आपले,
रायफल नेमबाजी व बंदूक-दुरुस्तीतले काही वाचक,
शहापूर, बेळगाव